आगंतुक न आलेला हंगाम

४ ऑगस्ट

हंगामाची वही वेगळी, ही वेगळी. त्या वहीत डोळ्यांना दिसलं तेवढंच जातं. इथे चिडचिड, शंका, आणि ज्यांना तोंडावर बोलता येत नाही त्यांच्याबद्दलचं सगळं. माझं तोंड बघता तसं फारसं काही उरत नाही म्हणा.

हा माझा नोकरीतला शेवटचा हंगाम. पुढच्या उन्हाळ्यात विभाग माझ्याबद्दल गोड गोड भाषणं करून मला घरी पाठवेल.

आज नवे गमबूट आणले. जुन्यांतला उजवा शाबूत आहे, डाव्याचा मात्र पंजा फाटलाय. कशाला अडकतो कोण जाणे. दुकानदाराने विचारलं, "तळ्यावर काय काम? मासे का?" म्हटलं, "नाही, टाचण्या." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की समजावून सांगणं भाग पडलं. चतुर माहीत आहेत ना, त्यांच्या सडपातळ बहिणी. नर मादीला शेपटीच्या टोकाच्या चिमट्याने मानेशी धरतो. मीलन उरकलं तरी सोडत नाही. ती पाणगवतात अंडी घालत असते आणि हा तिला धरून तिथेच, काठीसारखा उभा.

"वा! किती काळजी घेतो हो," दुकानदार म्हणाला.

झालं. माझी तळपायाची आग मस्तकात. म्हटलं, "काळजी कसली डोंबलाची! त्याने सोडलं की दुसरा नर तिला पकडतो, आधीच्याचं बीज खरवडून काढतो आणि आपलं ठेवतो. हा पहारा तिच्यासाठी नाही, स्वतःच्या पोरांसाठी आहे." काळजी, निष्ठा आणि प्रेम हे तीन शब्द माझ्या प्रयोगशाळेत बंद आहेत. वापरला की चहा पाजायचा, असा नियम आहे. मुलांनी आजवर मला भरपूर चहा पाजलाय.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, त्याला बूट विकायचे होते फक्त."

९ ऑगस्ट

आज तळ्यावर पहिला दिवस. खाणीचं जुनं तळं. माझ्या बसण्याच्या जागेच्या उजव्या हाताला सरळ उभा कातळ, डाव्या हाताला उघडं पाणी. जागा मुद्दाम निवडलेली आहे. आगंतुक, म्हणजे मादी पळवायला येणारे नर, कातळातून येणार नाहीत. यायचे ते डावीकडूनच. एका बाजूवर लक्ष ठेवलं की काम झालं.

नेहमीचा लिहिणारा सहायक चांगली नोकरी मिळाल्यावर सोडून गेला. त्यामुळे यंदा लिहायला नवरा. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून गेल्या वर्षी निवृत्त झालाय. घरात बसून माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता, तेव्हा म्हटलं चल. अक्षर मोत्यासारखं, आणि दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायचा नाही ही सवय हाडात मुरलेली.

त्याला नियम सांगितले. लिहिणाऱ्याने पाण्याकडे पाठ करून बसायचं. पाणी दिसलं की लिहिणाऱ्याला स्वतःचं मत फुटतं, आणि एका वहीत दोन मतं घुसली की ती वही केराची. मी म्हणेन तेच लिहायचं. मी पाहिलं नाही ते झालं नाही.

"म्हणजे दिवसभर मी काय बघायचं?" त्याने विचारलं.

"माझं तोंड बघ."

"ते तर मी इतकी वर्षं बघतोच आहे," म्हणाला, आणि स्टूल फिरवून माझ्याकडे तोंड करून बसला.

दिवस शांत गेला. जोड्या भरपूर. आगंतुक अगदी मोजके. पहिला दिवस म्हणून सोडून दिलं.

१७ ऑगस्ट

आगंतुक नाहीत. आठवडाभर बघतेय. ऊन आहे, वारा नाही, नरांची तळ्यावर गर्दी आहे, आणि माझ्या जोड्यांकडे कोणी फिरकत नाही. पूर्वी या जागेवर बसलं की लिहिणाऱ्याचा हात दुखायचा. आता हा पेन्सिलीला टोक काढत बसतो.

आणखी एक गोष्ट. पहारा देणारा नर मधूनच पंख फडकावतो. हे फडकावणं मला पाठ आहे. समोरून कोणी आला की "निघ इथून" म्हणून फडकावतात, आणि येणारा बहुतेकदा तेवढ्यावर वळतो. अंगाला अंग क्वचितच लागतं. पण आता समोर कोणी नसताना फडकावतायत. कोणासाठी? मी आज एका जोडीवरची नजर क्षणभरसुद्धा हलवली नाही. डोळ्यांत तेल घालून बसले होते. कोणी आलं नाही. तरी त्याने पंख फडकावले, थांबला, पुन्हा फडकावले.

उठताना डाव्या बाजूला ठेवलेल्या नमुन्यांच्या काचेच्या डबीवर पाय पडला. डबीचा चुरा. "इथे कोणी ठेवली ही?" म्हणून नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, "तूच." मग खाली बसून काचा वेचायला लागला. मला वेचू दिल्या नाहीत.

२३ ऑगस्ट

आज सकाळपासून गुणगुणतेय, आनंदाने.

माझं आयुष्यभराचं म्हणणं काय? धोका आहे तेवढाच पहारा. आगंतुक कमी झाले की नर मादीला लवकर सोडतो आणि दुसरीच्या शोधात जातो. यावर माझी नोकरी झाली, यावर माझं नाव झालं. आणि यंदा? आगंतुक जवळपास नाहीत, आणि नर सोडत नाहीत. शेवटचं अंडं घालून होईपर्यंत धरून आहेत. वर पंख फडकावतायत, धोका नसताना.

म्हणजे माझं जुनं म्हणणं अपुरं आहे. धोक्यापलीकडे काहीतरी आहे त्या पहाऱ्यात. काय आहे ते मला माहीत नाही. नाव द्यायला गेले तर बंद केलेल्या तीन शब्दांशीच गाठ पडते, आणि हसू येतं.

शेवटच्या हंगामात आपलंच म्हणणं आपण मोडायचं! किती जणांच्या नशिबी येतं हे? मला वाटत होतं मी संपले. संपले नाहीये.

घरी येताना रस्ता ओलांडत होते, मनात हेच सगळं. एक सायकलवाला अंगावरच आला. घंटी नाही की काही नाही. नवऱ्याने दंड धरून मागे ओढलं. सायकलवाला उलट मलाच म्हणतो, "बाई, दिसत नाही का?" त्याची मी बिनपाण्याने केली.

नवरा घरी आल्यावर म्हणाला, "एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या का? चष्म्याचा नंबर बदलला असेल." म्हटलं, मला टाचणीच्या पायावरचे केस दिसतात. नंबर त्या सायकलवाल्याचा तपास.

२८ ऑगस्ट

परिषदेला गोषवारा पाठवला. शीर्षक: धोक्याविना पहारा. पाठवल्यावर दोन वाट्या खीर खाल्ली.

१ सप्टेंबर

आज फोन आला तो भुंगेवाल्या प्रोफेसरांचा. भुंग्यांवर आयुष्य काढलेले, माझे सर्वांत जुने विरोधक. माझ्या प्रत्येक व्याख्यानानंतर हात वर करणार आणि म्हणणार, "बाईंनी निसर्गाला फारच कंजूष करून टाकलंय." यंदा परिषदेचे अध्यक्ष तेच. गोषवारा वाचलाय. आवाज भरून आलेला.

"मी जिवंत असताना तुमच्याकडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. "शेवटचं व्याख्यान तुमचं ठेवतोय. मोठ्या सभागृहात."

मी म्हटलं, "फार खूश होऊ नका. मी फक्त जे दिसलं ते सांगतेय."

"म्हणून तर," म्हणाले. "तुम्हाला दिसलं म्हणजे आहे."

फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. असं वाक्य ऐकायला माणूस जन्मभर चिखलात बसतो.

वकिलीण मात्र खो घालायला टपलेली. वकिलीण म्हणजे माझी सर्वांत हुशार शिष्या. आता स्वतः शिकवते, पण प्रत्येक मुद्द्यावर उलटतपासणी घ्यायची खोड गेली नाही, म्हणून हे नाव. ती म्हणते, "मॅडम, तळ्यावर नर तेवढेच आणि आगंतुक नाहीत, हे पटत नाही. मग ते बाकीचे नर करतायत काय?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

"कॅमेरा लावू का? परिषदेत लोक चित्रफीत मागतीलच."

लाव म्हटलं. माझ्यावर विश्वास नसेल तर यंत्रावर ठेव. तिचा चेहरा पडला. मला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे, होतं थोडंसं.

८ सप्टेंबर

घर माझ्या जिवावर उठलंय. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली, परवा लागलेल्या जागीच. जेवताना पाण्याचा पेला कोपराने उडाला. नवऱ्याने काही न बोलता पुसलं, आणि आता माझा पेला उजवीकडे ठेवतो. मला लहान मुलासारखं वागवतोय. निवृत्त माणसाला उद्योग नसला की तो बायकोला उद्योग करून घेतो.

रस्त्यानेही तेच. पूर्वी हा माझ्या उजवीकडून चालायचा, पिशवी त्या हातात म्हणून. आता कुत्र्याच्या पिल्लासारखा डावीकडे चिकटलेला. इकडून गेले तरी डावीकडे, तिकडून गेले तरी डावीकडे. म्हटलं, "अरे, मोकळं चालू दे की मला!" तर म्हणे, "चाल ना, मी कुठे धरलंय?"

पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरचं काढलं. हंगाम संपू दे, परिषद होऊ दे, मग कुठेही ने, म्हटलं. गप्प बसला. याचं गप्प बसणं बोलण्यापेक्षा जास्त भुणभुण करतं.

आज नऊ जोड्या. आगंतुक शून्य. मी मोठ्याने "शून्य" म्हटलं तेव्हा त्याने लिहायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग लिहिलं.

१४ सप्टेंबर

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

वकिलिणीने चित्रफीत आणली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठी करून लावली. मी, ती आणि नवरा. मी भिंतीला खेटून उभी राहिले, पट्टी हातात घेऊन. दाखवायला मलाच आवडतं. आठ तारखेची जोडी. मी म्हटलं, "बघ आता. कोणी नाही. आणि बघ, बघ, फडकावले पंख!"

मी पट्टीने त्याचे पंख दाखवले.

मी म्हटलं, "पुन्हा फडकावतोय. पाहिलंस? आजूबाजूला चिटपाखरू नाही."

वकिलीण म्हणाली, "मॅडम." तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. ही पोर माझ्याशी भांडताना कधी कचरली नाही. "मॅडम, डावीकडे."

"काय डावीकडे?"

"आला ना एक. गेला. आणि हा बघा दुसरा."

मी जोडीवर पट्टी ठेवून उभी. भिंतीवर पाणी, गवत, माझी जोडी. बाकी काही नाही. म्हटलं, "थट्टा करतेस काय माझी?"

तिने चित्र थांबवलं. नवरा उठून माझ्या बाजूला आला, माझी हनुवटी धरली आणि डावीकडे वळवली. चारचौघांत त्याने माझ्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता.

तिथे होता. निळा, हातभर मोठा, पंख ताणलेले. जोडीवर चाल करून आलेला. मी नजर पुन्हा जोडीवर आणली. गेला. वळवली. आहे. आणली. नाही. भोक पडलंय किंवा अंधार आहे, असंही नाही. त्याच्या जागी पाणी दिसत होतं, नेहमीसारखं, पूर्ण.

मी म्हटलं, "ही फीत कुठल्यातरी दुसऱ्या दिवसाची आहे." पट्टी टेबलावर आपटली आणि निघून आले. जाताना दाराची चौकट लागली.

१५ सप्टेंबर

दोघांशीही बोलत नाहीये. फीत दुसऱ्या दिवसाची नाही. तारीख कोपऱ्यात आहे आणि त्या दिवशी जोडी बसलेली गवताची मोडलेली काडीही तीच.

१९ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. एका अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवली, हातात बटण दिलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मधल्या ठिपक्याकडेच बघायचं. कडेला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. नजर हलवायची नाही."

मला हसू आलं. एका ठिकाणी नजर ठेवून कडेने काय येतं ते टिपणं, हेच तर मी आयुष्यभर केलंय. माझ्याइतकी तयार रोगी त्यांना मिळाली नसेल.

दिवा चमकला, दाबलं. चमकला, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी तयारीत. अंगठा बटणावर. काही नाही. म्हटलं घाईने दाबू नये, खोटी नोंद नको. शेवटी विचारलं, "यंत्र बंद पडलंय का?"

त्या बाई जवळ आल्या. खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "नाही हो. दिवे लागतायत."

मी बटण धरून तशीच बसले.

काचबिंदू. डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत, कागदावर काढून दाखवलं. डोळ्यातला दाब वाढतो, नस आतून सुकत जाते, कडेपासून. दुखत नाही, टोचत नाही. गेलेल्या जागा मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो, म्हणून कळत नाही. डावा बराच गेलाय, उजव्याचंही सुरू झालंय. "गेलं ते परत येणार नाही. आहे ते राखायचं. थेंब चुकवायचे नाहीत." मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाले, "सांगता येणार नाही. वर्षं झाली असतील. थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं."

नवरा तिथे बसला होता. "मी म्हणत होतो" असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

२१ सप्टेंबर

दिवसभर रडले. आता लिहायला काही नाही.

२२ सप्टेंबर

आज सकाळी त्याच्याशी भांडले. भांडायला दुसरं कोण आहे?

"तुला माहीत होतं."

"नव्हतं माहीत."

"मग डावीकडून का चालायला लागलास?"

जरा विचार करून म्हणाला, "तो सायकलवाला आला ना, तेव्हापासून. ठरवून नाही. पाय आपोआप त्या बाजूला जायला लागले."

"आणि तळ्यावर? दिवसभर माझ्यासमोर बसून काय करत होतास?"

"तूच सांगितलंस, तोंड बघ. बघत होतो." मग म्हणाला, "एक दिवस एक टाचणी तुझ्या डाव्या हातावर येऊन बसली. मनगटाजवळ. बराच वेळ बसली होती. तू हलली नाहीस. मला वाटलं, मुद्दाम हलत नाहीयेस, काहीतरी निरीक्षण चाललंय. तू समोर पाण्यात बघून म्हणालीस, आज एकसुद्धा जवळ येत नाही. मी तेच लिहिलं."

"बोलला का नाहीस!"

"लिहिणाऱ्याने मत द्यायचं नाही," म्हणाला. "आणि डॉक्टरचं बोललो होतो. दोनदा."

खरं आहे. दोनदा बोलला होता.

त्याचा राग येतो तो याचाच. तो माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. नियम माझा, आखणी माझी. पाण्याला पाठ करून मीच त्याला बसवलं. तळ्यावरच्या एकमेव चांगल्या डोळ्यांना मी पाण्याकडे बघायची बंदी केली आणि त्याला काटेकोरपणा म्हटलं.

मी पाहिलं नाही ते झालं नाही. हे वाक्य मी किती मुलांना शिकवलंय!

थेंब तोच घालतो. माझा हात चुकतो, गालावर पडतात. तो एका हाताने पापणी वर धरतो आणि श्वास रोखून घालतो, जसं काही छापायला जाणाऱ्या शेवटच्या ओळीतली चूक काढतोय.

२५ सप्टेंबर

वकिलीण आली. दारातच रडायला लागली. म्हटलं, आत ये आधी, शेजाऱ्यांना वाटेल मी गेले. मग दोघी बसलो. ती म्हणाली परिषदेला कळवून टाकू, तब्येत बरी नाही म्हणून. खोटं नाही, कोणी विचारणार नाही, गोषवारा आपोआप मागे पडेल.

सोपं आहे. फार सोपं आहे. पण तब्येतीचं कारण देऊन घरी बसले तर परिषदेच्या पुस्तिकेत छापलेलं ते पान तसंच राहील. धोक्याविना पहारा. उद्या कोणीतरी पोरगं ते वाचेल आणि त्यावर आपली दोन-तीन वर्षं घालेल. माझ्या डोळ्यांच्या भोकावर.

आणि तरी जायचं म्हटलं की तोंडचं पाणी पळतं. भुंगेवाल्यांचा तो आवाज आठवतो.

१ ऑक्टोबर

आज व्याख्यान झालं.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठाला डाव्या बाजूने पायऱ्या. नवरा माझ्या डावीकडून चढला, वर सोडून खाली उतरला. अध्यक्षांनी माझी ओळख इतकी भरभरून करून दिली की मध्येच उठून जावंसं वाटलं.

मी फीत लावली. म्हटलं, "या जोडीजवळ मी यंदा शून्य आगंतुक मोजले. तुम्ही मोजा." लोक मोजायला लागले. कुजबुज सुरू झाली. मग हसू. काहींना वाटलं मी गंमत करतेय. मी थांबले, हसू विरेपर्यंत.

मग सांगितलं. "आगंतुक आले होते. मला दिसले नाहीत. मला डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेही मला दिसत नव्हतं. नर पंख फडकावत होता, म्हणजे तो मला सांगतच होता की कोणीतरी आलंय. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. गोषवारा मी मागे घेते. धोक्याविना पहारा मी पाहिलेला नाही."

आणखी दोन वाक्यं तयार केली होती. आली नाहीत. खाली बसले.

नंतर भुंगेवाले प्रोफेसर जवळ आले. म्हातारे झालेत, मला वाटत होतं त्यापेक्षा जास्त. म्हटलं, "तुम्हाला नाराज केलं. निसर्ग पुन्हा कंजूष झाला."

त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, तो माझा कोट आणि थेंबांची बाटली धरून उभा होता. म्हणाले, "हे असू दे, बाई. तुमच्या मागे काय उभं आहे ते माझ्या भुंग्यांनासुद्धा दिसलं असतं." आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. असं का म्हणाले, नीट कळलं नाही. दमले असतील.

१० ऑक्टोबर

हंगामाचा शेवट. जोड्या उरल्यात थोड्याच. तरी गेलो.

बसण्याची पद्धत बदलली आहे. वकिलीण पलीकडच्या काठावर, स्वतःची वही घेऊन. नवरा माझ्या डावीकडे, पाण्याकडे तोंड करून. आगंतुक तोच सांगतो आणि तोच लिहितो. सुरुवातीला घाबरायचा. "आला... की पान होतं ते?" आता सरावलाय. "आला. वळला. दुसरा आला." मी फक्त जोडी बघते. ती मधोमध आहे तोवर मला दिसते, आणि अजून स्वच्छ दिसते. पायांवरचे केससुद्धा.

आकडे जुन्या हंगामांसारखेच निघाले. आगंतुक भरपूर. धोका आहे म्हणून पहारा आहे. माझं जुनंच म्हणणं खरं ठरलं. आनंद व्हायला हवा होता. आयुष्यभराचं काम शाबूत राहिलं. पण त्या थोड्या दिवसांत जो धोक्याविना पहारा मी खरंतर पाहिला नव्हता, त्याची फार आठवण येते.

ऊन सरळ त्याच्या तोंडावर होतं. म्हटलं, "इकडे ये, उजवीकडे सावली आहे."

"इथे बरं आहे."

"अरे, डोळे जळतील तुझे. मग दोघांना कोण नेणार घरी?"

"नेईल वकिलीण," म्हणाला, आणि टोपी पुढे ओढली.

जोडी अंडी घालत होती. अचानक तो हळू आवाजात म्हणाला, "हलू नकोस."

"काय झालं?"

"तुझ्या डाव्या हातावर बसलीय. मनगटाजवळ. पंख मिटून."

मला काही दिसत नव्हतं. तिथे माझा हात आणि गवत होतं, नेहमीसारखं. काही जाणवतही नव्हतं, तिला वजन असतं कुठे? मान वळवली असती तर दिसली असती. पण मान वळवली असती तर उडाली असती.

मी वळवली नाही.

"मादी की नर?"

"फिकट आहे. मादी असेल. आता शेपटी जरा हलवली."

"लिही," मी म्हटलं.

त्याने पेन्सिल उचलली आणि थांबला. "पण तू पाहिलं नाहीस ना."

"तू पाहिलंस ना? लिही."

त्याने लिहिलं. ती उडून गेल्याचं त्याने सांगितलं, तोपर्यंत मी हात तसाच धरून ठेवला होता.